चुन्याची निवळी आणि आपल्याला लागणारा चुना

नेरूळ, सानपाडा, खारघर, कामोठे. या भागातल्या फ्लॅटमध्ये आता गोल्डफिशच्या काचपेटीच्या जागी खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. निळा दिवा, पांढरा खडक आणि त्यावर जिवंत पोवळी. अशी टाकी ठेवणारी दोन माणसं भेटली की थोड्याच वेळात एक प्रश्न निघतो: तुझ्याकडे कॅल्शियम किती येतं आणि ते वाढवायला तू काय घालतोस? दुकानदाराकडे याचं उत्तर तयार असतं. आधी एक बाटली, मग दुसरी बाटली, मग बाटल्यांमधलं थेंब-थेंब सोडणारा डोसर, आणि गिऱ्हाईक जरा सधन दिसलं की थेट कॅल्शियम रिअॅक्टर.

माझं म्हणणं असं आहे की नवी मुंबईतल्या बहुतेक घरगुती टाक्यांना यातलं काहीच लागत नाही. आधी लागते ती दोन आठवड्यांची नीट मोजणी. त्यानंतरही टाकीला काही कमी पडत असेल तर पहिला उपाय म्हणून आपल्या आजीच्या फडताळातली वस्तू पुरते, ती म्हणजे चुन्याची निवळी. ही साधी गोष्ट सांगितली जात नाही, कारण ती सांगण्यात कुणाचा धंदा होत नाही. मराठीत चुन्याचे दोन उपयोग आहेत. एक पाण्यात घालायचा आणि दुसरा माणसाला लावायचा. पोवळ्यांच्या छंदात सध्या दुसराच जास्त चालला आहे.

या ब्लॉगवर हा विषय कशाला, असं काही वाचक म्हणतील. दोन कारणं आहेत. पहिलं कारण, सूरह रहमानमध्ये मोत्यासोबत मरजानचं नाव येतं. मरजान म्हणजे पोवळं. त्याच सूरहमध्ये थोडं आधी मीजान येतो, म्हणजे तराजू, समतोल, आणि त्या समतोलात ढवळाढवळ करू नका अशी ताकीद येते. लाखो घरांत ही सूरह तोंडपाठ आहे. पोवळ्याला काचेत कोंडून त्याचा समतोल आपण आपल्या हातात घेतला असेल, तर तो कसा राखायचा हा आपल्यापुरता दीनी प्रश्नसुद्धा होतो. दुसरं कारण अगदी दुनियेतलं आहे. या टाक्या साफ करायला, पाणी बदलायला घरोघरी जाणारी जी पोरं आहेत, त्यांतली कितीतरी आपल्याच वस्त्यांतली आहेत. पोवळं मेलं की मालक त्यांच्यावर ओरडतो. बाटलीवरच्या सूचना मात्र इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये असतात. त्यांना समजेल अशा भाषेत हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.

आता मूळ मुद्दा.

कठीण पोवळं म्हणजे दगड बांधणारा प्राणी. तो पाण्यातून कॅल्शियम घेतो आणि बायकार्बोनेट घेतो, आणि दोहोंचा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे एका अर्थी चुनखडीच, बनवून स्वतःखाली घर रचतो. गवंडी भिंत बांधताना विटाही घेतो आणि मसालाही घेतो, तसं हे आहे. पाण्यातल्या बायकार्बोनेटचा अंदाज आपण अल्कलिनिटी मोजून घेतो. छंदात तिला ‘केएच’ म्हणतात आणि डीकेएच या एककात मोजतात. खुल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे ४१० ते ४२० पीपीएम. अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच असते आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास.

पोवळं या दोन वस्तू ठरलेल्या प्रमाणात उचलतं. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम सुमारे २० पीपीएमने उतरतं. हे प्रमाण रसायनशास्त्राने बांधलेलं आहे. दुकान बदललं म्हणून ते बदलत नाही. याचा अर्थ नीट बघा. टाकीत कॅल्शियम ४२० आहे आणि अल्कलिनिटी ८. आठवडाभर काही घातलं नाही आणि अल्कलिनिटी ५.२ वर आली. पोवळ्यांच्या दृष्टीने ही धोक्याची घंटा आहे. वाढ थांबेल, टोकं पांढरी पडू शकतील. त्याच वेळी कॅल्शियम किती असेल? ४००. घरगुती चाचणीच्या संचात ४२० आणि ४०० यांतला फरक धड कळतही नाही. जो माणूस फक्त कॅल्शियम मोजतो, त्याच्या वहीत सगळं ठीक असतं आणि टाकीत सगळं बिघडलेलं असतं.

तरीही बाजारात सगळ्यात आधी विकली जाते ती ‘कॅल्शियम’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेली बाटली. नाव ओळखीचं असतं. डॉक्टरही कॅल्शियमच्या गोळ्या देतात, मग पोवळ्याला कॅल्शियम पाजलं म्हणजे ते धष्टपुष्ट होणार, असा समज होतो. नुसतं कॅल्शियम घालत राहिलात तर आकडा ५०० वर जातो, पण अल्कलिनिटी तिथेच घसरलेली राहते. मग घाबरून कुणीतरी अल्कलिनिटीचं औषध एकदम ओततं. पाण्यात बर्फ पडावा तसा पांढरा चुरा उठतो, पंपावर, हीटरवर दगड बसतो, आणि दोन्ही आकडे एका रात्रीत कोसळतात. मॅग्नेशियम कमी असेल तर हे आणखी लवकर होतं, कारण कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना चिकटून खाली बसू नयेत ही राखणदारी समुद्रात मॅग्नेशियम करतं. मग दुकानदार तिसरी बाटली दाखवतो. त्या तिसऱ्या बाटलीपर्यंत पोचलेली टाकी बहुधा पहिल्या बाटलीनेच आजारी पडलेली असते.

कॅल्शियम राखायचे मार्ग मोजून चार आहेत: पाणी बदलणं, चुन्याची निवळी, दोन बाटल्यांची पद्धत आणि रिअॅक्टर. एकेकाची झाडाझडती घेऊ.

पहिला मार्ग, पाणी बदलणं. दर आठवड्याला दहा टक्के खारं पाणी काढून ताज्या मिठाचं नवं पाणी घालायचं. टाकीत फक्त मऊ पोवळी असतील, म्हणजे चामड्यासारखी पसरलेली, अळिंबीसारखी चपटी, किंवा बटणांसारखी झोआंथस, तर त्यांना दगडाचं घर बांधायचंच नसतं. कॅल्शियमचा खप नावापुरता असतो. अशा टाकीला पाणी बदलण्यापलीकडे काही लागत नाही. नवशिक्यांच्या टाक्या सहसा अशाच असतात, आणि त्याच टाक्यांखालच्या कपाटात चार-चार बाटल्या ओळीने उभ्या असतात. इथे विषय संपायला हवा होता.

मात्र पाणी बदलूनच सगळं भागेल असंही कुणी समजू नये. कठीण पोवळी असलेली टाकी रोज अर्धा डीकेएच खात असेल तर आठवड्याला साडेतीन खाईल. दहा टक्के पाणी बदलून त्यातला जेमतेम दहावा हिस्सा भरून निघतो. बाकीचं भरायला दर आठवड्याला अर्ध्याहून जास्त टाकी उपसावी लागेल. त्यात आरओचं गणित आहे. एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना घरगुती आरओ दोन-तीन लिटर तरी मोरीत सोडतो. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी आहे म्हणून आपण मुंबई-ठाण्यापेक्षा निवांत असतो, पण वाहत्या नदीकाठी वुजू करतानासुद्धा पाणी वाया घालवू नये हे ज्यांना लहानपणापासून शिकवलंय, त्यांनी तरी पोवळ्यांच्या नावाखाली इसराफ करू नये. आणि खाडी जवळ आहे म्हणून तिचं पाणी भरून आणण्याचा विचार तर डोक्यातही आणू नका. ठाण्याच्या खाडीचं पाणी गाळाचं, कारखान्यांचं आणि सांडपाण्याचं. पावसाळ्यात त्यात खारटपणाही उरत नाही.

दुसरा मार्ग, निवळी. विरलेला चुना पाण्यात ढवळायचा, भांडं झाकून ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी घ्यायचं. कोहळ्याचा पेठा करणाऱ्याला ही माहीत आहे. भाजल्यावर खोबरेल तेलात फेटून लावणाऱ्या आजीलाही माहीत होती. शाळेत प्रत्येकाने नळीने फुंकर मारून ती दुधाळ करून बघितली आहे. एका लिटर पाण्यात फक्त दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, जास्त घातला तर तो नुसता तळाशी बसतो. म्हणजे जास्त तीव्र करून ठेवण्याची चूक निवळीत करताच येत नाही. त्या एका लिटरमध्ये सुमारे ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्याला नेमकी जुळणारी अल्कलिनिटी असते. पोवळं ज्या प्रमाणात उचलतं, त्याच प्रमाणात चुना परत देतो. मीजान आणखी वेगळा काय असतो?

हिशेब करून दाखवतो. टाकी २०० लिटरची आहे. रोज अर्धा डीकेएचपेक्षा थोडी जास्त अल्कलिनिटी कमी होते. एक लिटर नितळ निवळी २०० लिटरमध्ये ०.५६ डीकेएच आणि ४ पीपीएम कॅल्शियम घालते. म्हणजे रोज एक लिटर निवळी दिली की दोन्ही बाजू जागेवर. दोन लिटर दिली तर १.१ डीकेएच, आणि एवढा खप असणारी टाकी म्हणजे बऱ्यापैकी भरलेली टाकी. रोज दोन लिटर म्हटलं तरी वर्षाला चुना लागतो सव्वा किलोच्या आसपास. सव्वा किलो शुद्ध चुन्याची किंमत आणि वर्षभराच्या बाटल्यांची किंमत तुम्हीच विचारून या. मी सांगत नाही.

टाकीतलं जे पाणी उडून जातं, त्याच्या जागी ही निवळी थेंब-थेंब सोडायची असते. पाणी रोज भरावं लागतंच. त्याच कामात दुसरं काम होऊन जातं.

आता गंमत बघा. हीच निवळी छंदाच्या बाजारात ‘कॅल्कवासर’ या नावाने मिळते. सुंदर डबा, परदेशी अक्षरं, आणि त्यासाठी लागणारं वेगळं ‘कॅल्क स्टरर’ यंत्र. कॅल्कवासर हा जर्मन शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे चुन्याचं पाणी. १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी समुद्री टाक्यांसाठी ही पद्धत युरोपात रूढ केली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्यांनी ती गुपित ठेवली नव्हती, लिहून सांगितली होती. पुढे तिचं गुपित बाजाराने केलं. ज्या माणसाच्या घरात तीन पिढ्या पानदानात चुना होता, तो माणूस आज चुन्याचं पाणी परक्या नावाने विकत घेतो आणि वर इतरांना सांगतो की पोवळी पाळणं हा गरिबाचा खेळ नाही. आपल्याकडे ज्ञान नसतं असं नाही. ते आपल्याच भाषेत आपल्यासमोर आलं की आपल्याला स्वस्त वाटतं.

नवी मुंबईच्या घरांसाठी निवळीचा आणखी एक फायदा आहे. आपले फ्लॅट बंद असतात. उन्हाळ्यात एसी, पावसाळ्यात वाऱ्या-पावसासाठी लावलेल्या खिडक्या. चार माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो, तो टाकीच्या पाण्यात उतरतो आणि पाण्याचा पीएच खाली ओढतो. पीएच खाली गेला की पोवळ्याला दगड बांधणं जड जातं. शाळेत फुंकर मारल्यावर निवळी दुधाळ होते, म्हणजे ती कार्बन डायऑक्साइड खाते. टाकीत थेंब-थेंब पडतानाही ती तेच करते. बंद घरासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही.

तिसरा मार्ग, दोन बाटल्यांची पद्धत. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा. दोन्ही समान मापाने, वेगवेगळ्या वेळी द्यायचे. पद्धत चांगली आहे, काटेकोर आहे, पाणी किती उडतं यावर अवलंबून नाही. जर्मनीतल्या हान्स-वेर्नर बॉलिंग यांच्या नावाने तिचा एक पूर्ण प्रकार ओळखला जातो. अमेरिकेतले रसायनतज्ज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी तर घरी करायच्या कृती मापांसकट सगळ्यांसाठी छापून टाकल्या. माझा विरोध पद्धतीला नाही, बाटलीला आहे. दुसऱ्या बाटलीत सहसा जे असतं ते खाण्याचा सोडा किंवा धुण्याचा सोडा, म्हणजे त्याचाच भाऊ. २०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला ६ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. ढोकळ्याच्या पिठात घालतो तोच सोडा, शुद्ध, बाकी काही न मिसळलेला. हाच सोडा पाण्यात विरघळवून, रंगीत बूच लावून विकला जातो, आणि त्या बाटलीतलं बहुतेक वजन पाण्याचं असतं. मापात मारणाऱ्यांबद्दल आपल्याकडे एक अख्खी सूरह आहे. पाणी मापून विकणं कायद्याने गुन्हा नसेल, पण घेणाऱ्याने तरी शहाणं व्हावं.

या पद्धतीची एक बाजू दुकानात कुणी सांगत नाही. दोन्ही द्रावणं एकत्र आली की शेवटी मागे मीठ उरतं. महिनोन्महिने चालू ठेवलं तर टाकीचा खारटपणा हळूहळू चढतो. तो मोजत राहावा लागतो आणि पाणी बदलत राहावं लागतं. निवळीत ही भानगड नाही.

चौथा मार्ग, कॅल्शियम रिअॅक्टर. एका नळकांड्यात अॅरागोनाइटचे खडे किंवा पोवळ्याचा चुरा भरतात, त्यात सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाण्याचा पीएच साडेसहाच्या आसपास आला की खडे विरघळतात आणि कॅल्शियम, अल्कलिनिटी दोन्ही एकदम मिळतात. हजार-दीड हजार लिटरच्या, फांद्याफांद्यांच्या कठीण पोवळ्यांनी गच्च भरलेल्या टाकीला हे यंत्र शोभतं. दोनशे लिटरच्या टाकीखाली ते बसवणं म्हणजे घरच्या चहासाठी लग्नाच्या मांडवातली शेगडी आणणं. आधीच बंद फ्लॅटमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त, त्यात हे यंत्र आणखी घालतं आणि पीएच आणखी पाडतं. मग तो पीएच वर आणायला लोक काय वापरतात? चुन्याची निवळी. हा विनोद नाही, रिअॅक्टरच्या जोडीला निवळी देण्याची रीत जगभर आहे. ज्याला शेवटी निवळीच लागणार आहे त्याने ती आधीच का वापरू नये?

निवळीवर जे आक्षेप घेतले जातात ते मी टाळणार नाही. त्यांतले दोन खरे आहेत.

पहिला आक्षेप, निवळी धोक्याची आहे. आहे. तिचा पीएच बाराच्या वर असतो. एकदम ओतली तर टाकीचा पीएच उसळतो, पांढरा चुरा उठतो आणि एका तासात सगळं संपतं. डोळ्यात उडाली तर इजा होते. म्हणून हातमोजे, चष्मा आणि लहान मुलांच्या हाताला न लागेल अशी जागा. कळीचा चुना कधीही आणू नये, तो पाण्यात पडला की उकळतो. पानाच्या गादीवरचा डबीतला चुनाही नको. त्यात काय काय मिसळलंय ते कुणी लिहीत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणा, खाद्य किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचं. फक्त नितळ पाणी घ्या. तळाचा गाळ टाकीत जाऊ देऊ नका, अशुद्धता तिथेच बसलेली असते. रात्री द्या, कारण दिवे बंद असताना पीएच आपोआप खाली आलेला असतो. हे सगळं सांभाळावं लागतं. पण डोसर बिघडून अख्खी बाटली रिकामी झाली किंवा रिअॅक्टरचा व्हॉल्व्ह अडकला तर टाकी वाचते, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का? धोका प्रत्येक मार्गात आहे. निवळीचा धोका एक पोरगा पाच मिनिटांत समजून घेऊ शकतो आणि सलाईनच्या नळीसारख्या साध्या नळीने आवरू शकतो.

दुसरा आक्षेप आपल्या हवेचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. जेवढं पाणी उडतं तेवढीच निवळी देता येते. एप्रिल-मे मध्ये पंखा लावलेल्या टाकीतून पाणी भराभर उडतं, हवी तेवढी निवळी जाते. जुलैत हवाच ओली असते. काचेवर पाणी असतं, कपडे वाळत नाहीत, तसं टाकीचं पाणीही उडत नाही. म्हणजे कोरड्या देशातल्या माणसाचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. युरोपातला माणूस व्हिडिओत सांगतो की निवळी बारा महिने पुरते, ते त्याच्या घरात खरं असेल. आपल्याला पावसाळ्यात उरलेला खड्डा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडने भरावा लागेल, घरी तोलून. उन्हाळ्यात निवळी आणि पावसाळ्यात निवळीला दोन द्रावणांची जोड, ही नवी मुंबईची पद्धत आहे. ती कुठल्या बाटलीवर छापलेली सापडणार नाही, कारण बाटली बनवणाऱ्याने आपला जुलै बघितलेला नाही.

तिसरा आक्षेप मात्र निव्वळ खोटा आहे: फिल्टरमध्ये शंख-शिंपले किंवा ‘कोरल बोन’ टाकून ठेवा, ते हळूहळू विरघळून कॅल्शियम देत राहतील. खाऱ्या टाकीचा पीएच आठच्या वर असतो. त्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळत नाही. उलट तिथेच पोवळं ते बांधत असतं. शिंपले जर असे विरघळत असते तर कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत एकही शिंपला उरला नसता. विरघळवायला आम्ल लागतं, म्हणून तर रिअॅक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडतात.

आणि ‘कोरल बोन’ या नावामागे काय आहे ते एकदा बोलूनच टाकू. ती पोवळ्यांची हाडं आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, २००१पासून आपल्या समुद्रातली सगळी कठीण पोवळी आहेत. जिवंत असो वा मेलेली, ती उचलणं आणि विकणं गुन्हा आहे. मन्नारच्या आखातात वर्षानुवर्षं पोवळ्यांचे खडक फोडून चुन्यासाठी नेले गेले. म्हणून चुना घेतानाही तो चुनखडीच्या दगडापासूनचा आहे ना, हे विचारायला हवं. पोवळं मारून केलेला चुना पोवळ्याला पाजणं यात कसला समतोल? परदेशातून आलेल्या कठीण पोवळ्यांच्या व्यापारालाही आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाने लागतात. विकणाऱ्याकडे कागद मागा. तो हसला तर बाहेर पडा.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही बोलायचं आहे, जे म्हणतात की पोवळी घरात ठेवूच नयेत. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. समुद्र आपल्यापासून लांब नाही. मालवणला १९८७मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, तिथल्या पाण्यात पोवळी आहेत. २०२०मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या पोवळ्यांच्या १८ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीत हलवाव्या लागल्या. हाजी अलीला आपण आयुष्यभर जातो, वाटेवरून दोन्ही बाजूंचं पाणी बघतो, पण त्या परिसरात पोवळी आहेत हे रस्त्याच्या वादातूनच बहुतेकांना कळलं. ज्याने घरात एक पोवळं नीट वाढवलंय, त्याला ती बातमी वेगळी लागली असणार. पाळण्याने माणूस डोळस होऊ शकतो. पण त्याची अट एकच आहे: पाळलेलं जगलं पाहिजे. मांजर बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईचं काय झालं ते आपल्याला मदरशात सांगितलेलं आहे. काचेत कोंडलेलं पोवळं त्या मांजरीइतकंच लाचार असतं. ते ओरडतही नाही. मेलं की दुकानातून दुसरं येतं, आणि ते दुसरं कुठल्यातरी समुद्रातून निघालेलं असू शकतं. म्हणून चुकीच्या बाटलीचा हिशेब फक्त पैशांत होत नाही.

तर आता काय करायचं? दुकानात जाण्याआधी दोन आठवडे द्या. खारटपणा ३५ वर आणा, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आहे ना ते बघा. मग अल्कलिनिटी रोज एकाच वेळी मोजा आणि वहीत लिहा. या काळात काही घालू नका, आणि आकडा सातच्या खाली जाऊ लागला तर तिथेच थांबा. रोज किती उतरते ती तुमच्या टाकीची भूक. उतरतच नसेल तर काहीही विकत घेऊ नका, पाणी बदलत राहा. २०० लिटरला रोज एक डीकेएचपर्यंत उतरत असेल तर निवळी पुरेल. त्याहून जास्त किंवा पाऊस सुरू झालेला असेल तर निवळीला सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडची घरची जोड द्या. रिअॅक्टरचं नाव त्यानंतर कधीतरी, टाकी फार मोठी झाली तर.

आणि टाकी साफ करायला येणाऱ्या पोराला हे सगळं समजावून सांगा. त्याच्या हातात वही द्या, आकडे त्याला लिहू द्या. त्या घरात पोवळ्यांच्या सगळ्यात जवळ रोज तोच असतो. बाटली विकणाऱ्यापेक्षा त्याचं शिकणं तुमच्या टाकीच्या जास्त कामाचं आहे.